हाताचे सेकंद, डोक्याची मिनिटं

स्पर्धेचं वेळापत्रक सगळ्यात संथ टेबलाच्या हातात असतं. स्विस पद्धतीत शेवटचा निकाल आल्याशिवाय पुढच्या राउंडच्या जोड्या लागत नाहीत, आणि बाद फेरीत एक मॅच अडली की तिच्या विजेत्याशी खेळणारा माणूस नुसता बसून राहतो. ३२ खेळाडू म्हणजे १६ टेबलं. पंधरा टेबलं उठून गेलेली आणि सोळाव्यावर अजून ४-४ अशी बरोबरी, हे ज्याने बॅकगॅमनची, म्हणजे फासे आणि सोंगट्यांच्या पटावरच्या खेळाची, स्पर्धा चालवली आहे त्याला वेगळं सांगायला नको.

आमच्या स्पर्धांमध्ये बरीच वर्षं घड्याळ नव्हतं. एखादी मॅच फार रेंगाळली तर आयोजकाने जाऊन 'जरा हात चालवा' म्हणायचं, एवढाच उपाय. हे काम माझ्याकडे आल्यावर मला ते मनापासून नको वाटायचं. कोण संथ आहे हे बाहेरून कळत नाही. दोघांपैकी एक भराभर खेळत असतो आणि सूचना मात्र दोघांना होते. शिवाय ज्याला घाई करायला सांगितलं, त्याच्या पुढच्या दोन-तीन चाली बिघडतात. तेव्हा घड्याळ लावायचंच, हे मी ठरवलं. कसं लावायचं, किती वेळाचं लावायचं, हे ठरवायला मात्र बराच काळ गेला, आणि त्या काळात मी या खेळाकडे नव्याने पाहायला शिकले.

एका जुन्या, मुरलेल्या खेळाडूंचा विरोध होता. ते म्हणाले, "घड्याळ बुद्धिबळाला ठीक आहे हो. इथे फासे आहेत. दान काय पडणार ते आधी कुणाला ठाऊक असतं?" त्यांचं म्हणणं मी बाजूला सारलं नाही, कारण त्यात खरा मुद्दा होता. बुद्धिबळात समोरच्याची वेळ चालू असताना आपण आपली पुढची चाल शोधत बसू शकतो. बॅकगॅमनमध्ये ते जवळजवळ शक्य नाही. दोन फाशांची २१ वेगवेगळी दानं होतात. समोरचा काय खेळेल आणि त्यानंतर आपल्याला काय पडेल, या दोन्ही गोष्टी अंधारात असताना आधीपासून करायचं काय? क्यूबचा, म्हणजे गेमची किंमत दुप्पट करायच्या ठोकळ्याचा, विचार तेवढा फासे टाकण्याआधी करावा लागतो. बाकी सगळा विचार दान पडल्यावरच सुरू होतो. म्हणून बुद्धिबळाच्या वेळा उचलून इथे लावून चालणार नाही, एवढं त्यांच्या बोलण्यातून माझ्यापुरतं पक्कं झालं.

मग मी सरावाच्या मॅचना स्टॉपवॉच घेऊन बाजूला बसू लागले. पाळी सुरू झाली की बटण, संपली की बटण, शेजारी वहीत नोंद. कुणाला सांगून, कुणाला न सांगता. त्या नोंदींत जे दिसलं त्यावर पुढचे सगळे निर्णय उभे आहेत. बहुतेक पाळ्यांमध्ये विचार नसतोच, असतं ते हाताचं काम. फासे हलवायचे, टाकायचे, पाहायचे, सोंगट्या सरकवायच्या, नीट रचायच्या. सक्तीची चाल असते, किंवा शर्यत लागलेली असते आणि नुसत्या सोंगट्या घरी आणायच्या असतात, किंवा मारलेली सोंगटी बारवर, म्हणजे पटाच्या मधल्या पट्टीवर, असते आणि आत शिरायला जागाच मिळत नाही. अशा पाळ्या एकामागून एक जातात. मग अचानक अशी एक पाळी येते की खेळाडू मिनिटभर, दोन मिनिटं पटाकडे पाहत राहतो. मारावं की सोडावं, मागच्या दोन सोंगट्या आत्ता काढाव्यात की थांबावं, समोरच्याने क्यूब पुढे करून दिलेला डबल घ्यावा की गेम सोडून द्यावा. मॅचचा निकाल अशा मोजक्या पाळ्यांमध्ये लागतो. हाताला लागणारे सेकंद आणि डोक्याला लागणारी मिनिटं हे दोन निराळे खर्च आहेत, आणि चांगल्या घड्याळाने त्यांची खाती निराळी ठेवली पाहिजेत, असं मला वाटू लागलं आणि आजही वाटतं.

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे प्रत्येकाला एकगठ्ठा वेळ देऊन टाकणं. अर्धा तास घ्या, संपला की हरलात. समजायला सोपं, साधं काट्याचं घड्याळही पुरतं. पण बॅकगॅमनची मॅच किती लांब चालेल हे कुणीच सांगू शकत नाही. ७ पॉइंटांची मॅच एका गेममध्येही संपते: क्यूब ४ वर आणि त्यात गॅमन (समोरच्याची एकही सोंगटी पटाबाहेर निघण्याआधी मिळालेला दुप्पट विजय) झाला की ८ पॉइंट एकदम. तीच मॅच एकेका पॉइंटने रडतखडत ६-६ पर्यंत गेली तर तेरावा गेम खेळावा लागतो. म्हणजे तोच अर्धा तास एका जोडीला एका गेमला मिळणार आणि दुसरीला तेरा गेमना. लांबलेल्या मॅचमध्ये शेवटी दोघेही सोंगट्या फेकायला लागतात. अर्धवट चाल झाली की घड्याळावर हात पडतो, कोणती सोंगटी कुठून निघाली यावर वाद होतात. सरावात एकदा तसं खेळून पाहिलं आणि तो पर्याय तिथेच मिटला.

दुसरा पर्याय फिशर पद्धतीचा. बुद्धिबळपटू बॉबी फिशरने १९८० च्या दशकात या घड्याळाचं पेटंट घेतलं आणि १९९२ मध्ये स्पास्कीबरोबरच्या मॅचमध्ये ते वापरलं गेलं. प्रत्येक चालीला ठरलेले सेकंद खात्यात जमा होतात आणि न वापरलेले साठत राहतात. बुद्धिबळ खेळणारे आमचे बरेच जण याच्याच बाजूने होते, कारण हाताशी असलेली घड्याळं आणि अंगवळणी पडलेली सवय दोन्ही त्याच पद्धतीची. सुरुवातीला मलाही ते न्याय्य वाटत होतं.

ते का नाही, हे बारवरच्या सोंगटीने दाखवलं. समोरच्याने आपल्या घरातल्या सहापैकी पाच जागा बंद केल्या असतील तर बारवरून आत न येण्याची शक्यता ३६ पैकी २५, म्हणजे जवळपास ६९ टक्के. अशा वेळी माणूस फासे टाकतो, पाहतो, घड्याळ दाबतो. दोन-तीन सेकंदांत पाळी संपली. फिशर पद्धतीत दर चालीला १२ सेकंद मिळत असतील तर या न खेळलेल्या पाळीतून त्याच्या खात्यात नऊ-दहा सेकंद साठले. समोरचा मात्र सहावी जागा कशी बंद करावी, उरलेल्या सोंगट्या सुरक्षित कशा आणाव्यात या विचारात आपली वेळ घालवतोय. ज्याच्यापुढे काही ठरवायचंच नव्हतं तो श्रीमंत होतो आणि ज्याला प्रत्येक पाळीत डोकं लावावं लागलं तो गरीब. बुद्धिबळात प्रत्येक चाल निवडावी लागते, म्हणून तिथे हा प्रश्न फारसा जाणवत नाही. इथे फासे पाळी देतात पण निवड देतीलच असं नाही. नशिबाने सोंगटी बाहेर अडकली, त्याचं बक्षीस वेळेत का मिळावं? या मुद्द्यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार असते.

उरला डिले. पाळी सुरू झाली की आधी ठरलेले सेकंद जातात, ते संपल्यावरच राखीव वेळ खाली यायला लागते. सेकंद उरले तर ते साठत नाहीत, पुढच्या पाळीला पुन्हा तेवढेच. बारवर अडकलेल्याला काही मिळत नाही आणि त्याचं काही जातही नाही. हाताचा खर्च डिले भरतो, डोक्याचा खर्च राखीव वेळ भरते. मी शोधत होते ती दोन खाती इथे सापडली.

डिलेचेही दोन प्रकार घड्याळांत असतात. साध्या डिलेत राखीव वेळ थांबून राहते आणि डिलेचे सेकंद आधी मोजले जातात. ब्रॉन्स्टाइन पद्धतीत राखीव वेळ लगेच पळू लागते, आणि घड्याळ दाबल्यावर वापरलेले सेकंद, डिलेच्या मर्यादेपर्यंत, परत मिळतात. हिशेब जवळपास सारखाच, पण खेळणाऱ्याच्या नजरेला फार वेगळा. आकडा खाली जाताना दिसला की नवा माणूस घाबरतो. शिवाय सुरुवातीच्या वेळेत डिलेचे सेकंद मिळवलेले नसतील, तर ब्रॉन्स्टाइन पद्धतीत शेवटी ३ सेकंद उरलेल्याला खरोखर ३ सेकंदांतच चाल करावी लागते. साध्या डिलेत त्याला डिले अधिक ते ३ मिळतात. आम्ही साधा डिले ठरवला आणि प्रत्येक घड्याळ आधी चालवून पाहायचं असंही ठरवलं, कारण एकाच हॉलमध्ये दोन तऱ्हेची घड्याळं मला चालणार नव्हती.

आता सेकंद किती? अमेरिकेतल्या बॅकगॅमन फेडरेशनच्या नियमांत आणि इतरही अनेक ठिकाणी रूढ असलेलं माप असं: दर पाळीला १२ सेकंदांचा डिले, आणि मॅचच्या लांबीतल्या दर पॉइंटमागे २ मिनिटं राखीव. मला ते नुसतं उचलायचं नव्हतं. आठ, दहा, बारा, पंधरा असे सगळे डिले सरावात लावून पाहिले.

आठ सेकंदांत साधी चाल होते. पण डबल दान, म्हणजे दोन्ही फाशांवर सारखाच आकडा, सहा वेळांत एकदा पडतं आणि तेव्हा दोनऐवजी चार हलवण्या कराव्या लागतात. त्यातच एखादी सोंगटी मारली तर ती उचलून बारवर ठेवायची. हे सगळं आठ सेकंदांत करायला गेलं की बोटं अडखळतात. विचार न करताही राखीव वेळ झिजायला लागली, तर डिले आपलं काम करत नाही असाच त्याचा अर्थ. दहाला अनुभवी लोक खूश होते, पण डबल दानाला आणि दाटीवाटीच्या पटाला ते काठावरच होते. बाराला हाताची धावपळ थांबली. डबल दान पडलं तरी दोन-तीन सेकंद पटावर नजर फिरवायला मिळत होते. पंधराला सगळेच निवांत झाले, इतके की सक्तीच्या चालीलाही लोक घड्याळ दाबायला वेळ लावू लागले. शेवटी १२ वरच आलो. पण आता ते का, हे मला सांगता येत होतं.

राखीव वेळेबद्दल मी कमी झगडले. दर पॉइंटमागे २ मिनिटं, म्हणजे ७ पॉइंटांच्या मॅचला प्रत्येकाला १४. ही वेळ कशासाठी आहे हे पाहिलं की ती पुरेशी वाटते. शर्यतीत क्यूब फिरवण्याआधी दोन्ही बाजूंचे पिप, म्हणजे सगळ्या सोंगट्या बाहेर काढायला चालावी लागणारी घरं, मोजावे लागतात. डाव सुरू होताना प्रत्येकाचे १६७ असतात आणि मधल्या पटावर ते झटकन दिसत नाहीत. सरावलेला खेळाडू गटागटाने मोजून अर्ध्या मिनिटात उरकतो, नव्याला मिनिटाच्या वर लागतं. मग स्कोअर. पैशाच्या खेळात जिंकण्याची शक्यता साधारण पाव असली की डबल घेता येतो, पण एकाला दोन पॉइंट हवेत आणि दुसऱ्याला चार, अशा स्कोअरला तो आकडा सरकतो आणि गॅमनचा भावही बदलतो. असे चार-पाच गंभीर निर्णय आणि दहा-बारा अवघड चाली १४ मिनिटांत बसतात. ज्याला प्रत्येक चाल गंभीर वाटते त्याला ती पुरणार नाहीत, आणि घड्याळ लावण्याचं कारणच ते आहे.

वेळापत्रकासाठी मी गणित असं धरलं. समजा एका लांबलेल्या मॅचमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला १५० पाळ्या आल्या. प्रत्येक पाळीला पुरते १२ सेकंद खाल्ले तरी १८०० सेकंद, म्हणजे ३० मिनिटं. त्यात राखीव १४. एकाची ४४, दोघांची मिळून ८८ मिनिटं. दोन गेमच्या मधे पट लावायला आणि फाशांची सुरुवात करायला थोडा वेळ धरला तरी दोन तासांचा राउंड निश्चिंतपणे जाहीर करता येतो. डिले १५ केला तर तीच मॅच १०३ मिनिटांवर जाते. एका राउंडला पंधरा मिनिटांचा फरक, पाच राउंडला सव्वा तास.

राखीव वेळ संपली तर काय, यावर मतं फाटली. दंडाचे पॉइंट देऊन मॅच पुढे चालू ठेवण्याची पद्धतही पूर्वी वापरात होती आणि काहींना ती जास्त दयाळू वाटत होती. मला नाही वाटली. दंड दिल्यावरही मॅच चालूच राहते, म्हणजे वेळापत्रकाला पडलेलं भोक तसंच. आणि समोरच्याला पटावर न कमावलेले पॉइंट मिळतात, त्याने पुढचे सगळे क्यूबचे निर्णय वाकडे होतात. वेळ संपली की मॅच हरली, असं मी लिहिलं. हरकत आली की हातातला जिंकलेला गेम नुसत्या घड्याळावर जाईल. पण डिले हाताला पुरेसा असेल तर असं होणं फार कठीण आहे. राखीव वेळ एक सेकंद उरली तरी दर पाळीला १२ सेकंद आहेतच, आणि सोंगट्या पटाबाहेर काढायला तीन-चार सेकंद लागतात. जिंकलेली शर्यत त्या १२ सेकंदांत खेळून पूर्ण करता येते. डिले आधी नीट ठरवल्यामुळेच हा कडक नियम मला स्वच्छ मनाने लिहिता आला.

बारीक नियमांत सगळ्यात जास्त वेळ घड्याळ दाबण्यावर गेला. घड्याळ नसताना फासे उचलले की पाळी संपते, आणि ती सवय बोटांत बसलेली असते. घड्याळावर खेळताना फासे पटावर तसेच राहू द्यायचे, चाल करायची, मग दाबायचं. दाबलं की पाळी संपली. फासे आधी उचलले तर दान काय होतं याचा पुरावाच जातो. डबल देणाऱ्याने क्यूब पुढे सरकवून घड्याळ दाबायचं, म्हणजे विचार समोरच्याचा आणि वेळही त्याचीच. त्याने घेतला तर क्यूब आपल्याकडे ठेवून पुन्हा दाबायचं, मग पहिला फासे टाकणार. सोडला तर घड्याळ थांबवून आधी स्कोअर लिहायचा. फासा सोंगटीवर तिरका बसला तर दोन्ही पुन्हा टाकायचे, घड्याळ चालूच. जमिनीवर घरंगळला तर थांबवायचं, कारण टेबलाखाली फासा शोधणं हा कुणाचाच विचार नव्हे.

एक नियम मात्र मला आधी सुचला नव्हता, टेबलाशी बसल्यावर लक्षात आला. सहाही जागा बंद असतील तर बारवरचा खेळाडू फासे टाकतच नाही. मग त्याने घड्याळ दाबायचं का? न दाबलं तर समोरच्याला पाळीमागून पाळी खेळूनही डिले एकदाच मिळतो आणि त्याची राखीव वेळ फुकट गळते. म्हणून बाहेर अडकलेल्याने दर वेळी घड्याळ दाबून परत पाठवायचं, असं स्पष्ट लिहिलं.

मॅच अर्ध्यात असताना घड्याळ आणायची वेळ आली तर उरलेल्या पॉइंटांवर हिशेब. ७ च्या मॅचमध्ये ४-३ असेल तर एकाला ३ हवेत, दुसऱ्याला ४. सरासरी साडेतीन, म्हणजे दोघांनाही ७ मिनिटं.

नवशिक्यांच्या गटासाठी मी डिले १५ ठेवला आणि राखीव वेळ तीच. त्यांना राखीव जास्त द्यावी अशी सूचना होती. पण ते विचारात हरवत नाहीत, हातात अडखळतात: सोंगट्या कुठल्या दिशेने जातात ते पुन्हा आठवायचं, घरं एक-एक करून मोजायची. हे दर पाळीला होतं, म्हणून त्याचा उपायही दर पाळीलाच हवा. ज्यांचे हात कापतात किंवा बोटं नीट वळत नाहीत, त्यांच्यासाठीही तोच विचार. डिले वाढवायचा, किंवा ते सांगतील तशा सोंगट्या हलवायला कुणीतरी शेजारी बसवायचं, यातलं काय हवं ते त्यांनीच निवडायचं. हा नियम छापील पत्रकात वरच्या बाजूला हवा असा माझा आग्रह होता. असा माणूस स्वतःहून मागायला येत नाही.

पहिल्या वेळापत्रकात वेळ कमी पडतोय असं दिसल्यावर सूचना आलीच की डिले दहावर आणा. मी मॅचची लांबी कमी केली. ९ पॉइंटांच्या लांब मॅचला प्रत्येकी १९० पाळ्या धरल्या तर ३८ मिनिटं डिले आणि १८ राखीव, दोघांची मिळून ११२ मिनिटं. ७ वर आणल्यावर ८८. पाच राउंडमध्ये दोन तास सुटले आणि एकाही चालीचा एक सेकंद गेला नाही. लांब मॅचमध्ये चांगल्या खेळाडूचं पारडं जड होतं, लहान मॅचमध्ये नशिबाला जास्त वाव मिळतो, ही तक्रार खरी आहे आणि ती मला मान्य आहे. तरी घाईने केलेल्या चुकीपेक्षा फाशाने हरणं खेळाडूला जास्त सोसतं. फायनल तेवढी ११ पॉइंटांची ठेवली आहे, प्रत्येकाला २२ मिनिटं आणि डिले तोच १२. तिच्या निकालासाठी पुढची कुठलीच जोडी अडलेली नसते.